मदत हवी आहे: 'फर्स्ट लव्ह'च्या सिंगलच्या विक्रीचे आकडे

नमस्कार मंडळी, जपानी शिकणाऱ्या किंवा तिकडे राहणाऱ्या कुणाची तरी मदत हवी आहे. क्लासमध्ये दहा मिनिटं बोलायचंय आणि मी हौसेने विषय घेतला जपानी गायक उतादा हिकारुच्या 'फर्स्ट लव्ह' या गाण्याचा. आता अडकलोय.

अडलंय ते असं. याच नावाचा अल्बम आला १० मार्च १९९९ ला, उतादाचं वय तेव्हा अवघं १६. जपानात त्याच्या ७६ लाखांवर प्रती खपल्या, आजही तिथला तो सर्वाधिक खपाचा अल्बम. गाणं त्यात होतंच. तरी बरोबर सात आठवड्यांनी, २८ एप्रिलला, तेच गाणं सिंगल म्हणून काढलं आणि लोकांनी पुन्हा पैसे मोजले! आठ लाखांच्या आसपास प्रती, ओरिकॉनच्या, म्हणजे जपानातल्या खपानुसार लागणाऱ्या, यादीत दुसरा नंबर. घरात अख्खा अल्बम असताना एका गाण्यासाठी वेगळी सीडी कोण घेतं?

टीबीएस या जपानी वाहिनीवरच्या 'माजो नो जोकेन' या मालिकेचं ते शीर्षकगीत होतं, शिक्षिका आणि विद्यार्थ्याच्या प्रेमाची गोष्ट. खप त्यामुळे झाला असं मला वाटतं, पण सरांना 'वाटतं' चालत नाही. मालिका एप्रिल ते जून चालली. त्या काळातले सिंगलचे आठवड्यागणिक आकडे कुठे मिळतील? ओरिकॉन दुकानातली विक्री मोजतं, रेकॉर्ड कंपन्यांची संघटना दुकानांकडे रवाना झालेला माल. मला पहिलं हवंय. जपानी मजकूर चालेल, कांजी (जपानीतली चित्राक्षरं) हळूहळू लावीन.

आणि हो, कुणाकडे तो सिंगल असेल तर कव्हरचा फोटो टाका ना, प्लीज. शुक्रवारी बोलायचंय.