एमएक्स-५ त्र्यंबक रोडवर तापली की बंद पडते. टाकीतला पेट्रोलचा पंपच गेलाय का?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५, १९९१ची, १६०० सीसी. मावशीच्या यजमानांनी इंग्लंडहून परत येताना आणलेली. ते गेल्यावर मावशी म्हणाली, "तूच ने बाबा, इथे तिच्यावर नुसती मांजरं झोपतात." आमची आई तिला दोन सिटांचा लाल डबा म्हणते.

गेले तीन रविवार एकच तमाशा. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, सातपूर ओलांडेपर्यंत मस्त पळते. बेळगाव ढग्याच्या पुढे ओव्हरटेक करायला गेलो की दम गेल्यासारखी होते, दोन-तीन गचके देते आणि बंद. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. पेट्रोल होतं, पाचशेचं सकाळीच टाकलेलं. टपरीवर पाऊण तास चहा पीत बसलं की काही घडलंच नाही अशा थाटात चालू. मागच्या रविवारी मात्र टो करून आणावी लागली. टोवाल्याने गाडीसोबत हौसेने फोटो काढले, पैसे तेवढेच घेतले.

ओळखीच्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडता सांगितलं, "पंप गेला." तो बाहेरून मागवायचा, कस्टम धरून अठरा-वीस हजार, आणि आला की परत जात नाही. नवा पंप बसवून गाडी पुन्हा महिरावणीलाच थांबली तर मी काय करू? आधी खात्री कशी करायची?

पप्पू_नाशिकरोड:
भाऊ, विकून टाक आणि बुलेट घे. गंमत केली. माझ्या जुन्या गाडीला डिट्टो असंच व्हायचं, रिले निघाला, म्हणजे पंपाला करंट सोडणारा स्विच. तीनशेत काम झालं. आधी रिले बदल.

अंबडचे_काका:
पप्पू, तुझा रिले होता म्हणून याचाही रिलेच असेल असं नाही. आणि तो तीनशेत मिळणारही नाही, या गाडीचा पंपाचा रिले दोन कॉइलचा आहे.

मी सोळा वर्षं मस्कतला जपानी गाड्याच केल्या. गंगापूररोडकर, एक गोष्ट आधी डोक्यात ठेव. गरम झाल्यावर येणारा दोष थंड गाडीत सापडत नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं माप घेतलंस तर सगळं बरोबर येईल आणि तू गोंधळशील. बंद पडेल तिथेच, पहिल्या पाच मिनिटांत मोजायचं. चहा नंतर.

सोबत मल्टिमीटर, वायरचा वीतभर तुकडा आणि एक मित्र घे. बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघ. थोडा तरी हलला तर इग्निशनकडून सिग्नल येतोय. मेल्यासारखा पडून राहिला तर पंप विसर आणि इंजिनच्या मागच्या कॅम अँगल सेन्सरकडे बघ, इंजिन कुठवर फिरलंय ते कॉम्प्युटरला तोच सांगतो. तोही गरम झाल्यावर असाच दगा देतो.

काटा हलला तर बॉनेट उघड. 'डायग्नोसिस' लिहिलेली छोटी काळी डबी दिसेल, झाकणाच्या आत पिनांची नावं आहेत. एफ/पी (पंप) आणि जीएनडी (अर्थ) या दोन पिना वायरने जोड, चावी ऑन कर, सेल्फ मारू नकोस. सिटांच्या मागून घूं असा आवाज आला पाहिजे. आवाज आला आणि तरी गाडी चालू होत नसेल, तर इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर बघायचा. तुझ्या १६०० सीसीत हवेने आतली झडप उघडली की एक स्विच लागतो, त्यावरच पंप चालू राहतो. सेल्फ मारताना रिलेची दुसरी कॉइल पंपाला करंट देते, म्हणून तो स्विच खराब असला तर गाडी पकडते आणि चावी सोडताच मरते. तुझी पकडतच नाही, म्हणून मला तिथे फारशी शंका नाही.

आवाज नाही आला, तर सिटांमागचा कार्पेट उचल. खाली पत्र्याचं झाकण आहे, त्याखाली पंपाचा कनेक्टर. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून व्होल्टेज घे, पण दोन्ही वायरींमध्ये. एक टोक बॉडीला लावून मोजलंस तर अर्थिंगच्या वायरीतला गंज लपून राहतो, आणि त्याच्यापायी लोकांनी चांगले पंप फेकलेले मी पाहिलेत. ८-९ व्होल्ट आले तर वायरिंग किंवा रिले. १२च्या आसपास येऊनही पंप गप्प असेल तर पंपच.

तिथे ठिणगी नको. आधी काचा उघड, सिगारेटवाला मित्र नेऊ नकोस.

गंगापूररोडकर:
काका, पंपाच्या मोटरीत करंट नेणारे कार्बनचे ब्रश झिजलेत की पंप जाम झालाय हे पण कळेल का? मित्र अंबडला मेंटेनन्सला आहे, त्याच्याकडे डीसी चालणारा क्लॅम्प मीटर आहे.

अंबडचे_काका:
मग तर सोनंच. वायर तोडायला नको, कनेक्टरजवळ एकाच वायरीभोवती क्लॅम्प लाव. धडधाकट पंप चार-पाच अँपियर घेतो. जाम पंप त्याहून बराच जास्त ओढेल, फ्यूजही उडवेल. व्होल्टेज आहे आणि करंट शून्य, म्हणजे आत सर्किटच तुटलंय, बहुतेक ब्रश. तसं असेल तर टाकीला खालून रबरी हातोडीने दोन हलके ठोके दे, ब्रश पुन्हा टेकून पंप फिरला तर खात्रीच.

गंगापूररोडकर:
मंडळी, रिपोर्ट.

रविवारी गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करत निघालो. अर्थातच बेळगाव ढगा गेलं, महिरावणी गेलं, अंजनेरी दिसायला लागली तरी पठ्ठी पळतेच आहे. त्र्यंबकच्या अलीकडे पाच किलोमीटरवर एकदाची मेली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या रिक्षावाल्याला आम्ही वेडे वाटलो असणार.

काटा हलत होता. पिना जोडल्या, चावी ऑन, मागे शांतता. दोन्ही वायरींत ११.८ व्होल्ट. क्लॅम्पवर शून्य, शब्दशः ०.०. हातोडी विसरलो होतो. मित्राने खाली वाकून टाकीला कोल्हापुरीच्या टाचेने दोन दणके दिले आणि पंप घूं करून उठला! मीटरवर ४.३. परत नाशिकपर्यंत अजून दोनदा चप्पल वापरली.

म्हणजे मिस्त्री बरोबर होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग पंधरा दिवस काय करत होता?"

पंप काढला. जाळी तपकिरी चिखलाने भरलेली, आतला रबरी पाइप फुगून मऊ पडलेला. तो बाजारातला साधा पेट्रोल पाइप चालेल का?

अंबडचे_काका:
अजिबात नको. साधा पाइप आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही, आणि इथे तो पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. पाइपावर एसएई जे३० आर१० छापलेलं बघून घे, तो टाकीत बुडवण्यासाठीच असतो. १९९१चं रबर आणि आजचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, फुगणारच. नवी जाळी आणि झाकणाचं रबरही पंपाबरोबरच मागव. टाकी धुऊन घेतल्याशिवाय पंप बसवू नकोस, नाहीतर तोच चिखल नवी जाळी खाईल. चौतीस वर्षं चाललेला पंप आहे, कंपनीला नावं ठेवू नकोस.

आणि ते पाचशेचं पेट्रोल. दर वेळी तेवढंच टाकतोस?

गंगापूररोडकर:
हो काका. रविवारपुरतीच काढतो ना.

अंबडचे_काका:
पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. ४५ लिटरच्या टाकीत तू पाच लिटर टाकून त्याला उन्हात भाजत होतास. इथून पुढे पाव टाकीच्या खाली काटा नेऊ नकोस.

पप्पू_नाशिकरोड:
आणि गाडीत चप्पल ठेव.