'विज्ञान हाच नवा धर्म' म्हणणाऱ्यांशी एकदा सविस्तर बोलूच

फळा-खडू:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल आलेली पोस्ट: 'विज्ञान हा नवा धर्म आहे. जाणीव म्हणजे मेंदूतलं रसायन, हे वैज्ञानिक श्रद्धेनेच मानतात. शंका घेतली की पाखंडी ठरवतात.' खाली हात जोडल्याची रांग. बावीस वर्षं मुलुंडला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, मला हे गिळवत नाही.

जे मोजता येतं, दुसऱ्याला पुन्हा करून बघता येतं, तिथून सुरुवात करायची, एवढीच शिस्त आहे ही. आत्मा नाही अशी शपथ प्रयोगशाळेच्या दारात कोणी घेत नाही. पाखंडी म्हणता? जयंत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या (बिग बँग) सिद्धांतावर शंका घेत राहिले. त्यांना वाळीत टाकलं का? त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांनीच २०० मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी बौद्धिक अपंगत्व असलेली. कोणती कोणाची ते ओळखायचं होतं. ४६ टक्के बरोबर आल्या. नाणं उडवूनही तेवढंच येतं. शंका घ्यायची तर अशी घ्या.

गिरणगावकर:
मास्तर, तुमची शिस्त आमच्या घराने भोगलीय. बाबा लालबागच्या गिरणीत होते. ८२च्या संपात घरी बसले आणि अल्सर झाला. डॉक्टरांचं एकच, 'टेन्शन घेऊ नका, तिखट बंद, थंड दूध घ्या.' खिडकीच्या फळीवर अँटासिडची बाटली आणि स्टीलचा चमचा असायचा. चमच्यावर औषधाचा थर वाळून बसायचा, आई तो नखाने खरवडायची. पंधरा वर्षं हेच.

पोटातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत, असं सगळे धरून चालले होते. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलने १९८४ मध्ये अल्सर करणारे जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. २००५ ला नोबेल मिळालं. बाबांना अँटिबायोटिक्स मिळाली ९७ साली, आणि चौदा दिवसांत दुखणं थांबलं. आता सांगा, याला श्रद्धा नाही तर काय म्हणायचं?

गिरगावकन्या:
अगदी मनातलं बोललात! शिवकर तळपदेंचं तेच झालं. १८९५ ला आपल्या चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. कोणी नाव घेतं का?

कालिनावाला:
आलं विमान. २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात सायन्स काँग्रेस भरली, त्यात प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. मी तेव्हा एमएस्सी करत होतो. आठवडाभर जो भेटेल तो विमानाचंच विचारायचा. माझा विषय काय, हे घरच्यांनीसुद्धा विचारलं नाही. अहो, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी १९७४ मध्येच 'वैमानिक शास्त्र' हा प्राचीन म्हणवला जाणारा ग्रंथ तपासून सांगितलंय की त्यातली विमानं उडूच शकत नाहीत. ग्रंथही विसाव्या शतकातला.

गिरगावकन्या:
मी ग्रंथाचं नाव तरी काढलं का? मी तळपदेंबद्दल बोलतेय. माझे पणजोबा त्या दिवशी वाळूत उभे होते, आजोबा शपथेवर सांगायचे. गोऱ्याने लिहून दिलं तरच पुरावा का?

कालिनावाला:
गोऱ्याकाळ्याचा प्रश्नच नाही, ताई. इंजिन कुठलं होतं? किती उंच गेलं? त्याच दिवसात छापलेली एक बातमी दाखवा, मी स्वतः त्यावर लेख लिहीन. जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. पण तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले कैदी आणि न टोचलेले वेगवेगळे मोजले, तेव्हा ठेवला. तेच तळपदेंना मागतोय.

गिरगावकन्या:
म्हणजे माझे आजोबा खोटारडे. धन्यवाद.

भूलवाली:
विमान जरा खाली उतरवा. मूळ प्रश्न जाणिवेचा होता, आणि मी रोज भूल देते. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेतून जातं. परवा एक बाई 'लेकीला सांगा, डब्यात...' एवढंच बोलल्या, वाक्य तिथेच तुटलं. औषध मेंदूत कुठे चिकटतं ते मी सांगू शकते. त्या बाईंचं बाई असणं कुठे गेलं, ते नाही सांगू शकत. मेंदूचे अभ्यासक क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी १९९८ मध्ये पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये कॉख हरले आणि त्यांना चाल्मर्सना वाईन द्यावी लागली. तेव्हा मास्तर, 'रसायन आहे, विषय संपला' असं वर्गात सांगत असाल तर थांबवा. पण डोस वाढवला की जाणीव विझते, उतरला की परत येते, हेही मी रोज बघते. शरीर सोडून तरंगणारी जाणीव एकदाही दिसली नाही.

फळा-खडू:
वर्गात तसं सांगत आलोय, खरं आहे. पुढच्या बॅचला 'अजून माहीत नाही' म्हणेन. पण गिरणगावकर, मार्शलला जिंकवलं ते बायोप्सीने आणि प्रयोगानेच ना?

गिरणगावकर:
हो, त्यानेच. तेवढं मानतो. पण आधीचं चुकलं होतं, हे बाबांना येऊन कोणी सांगितलं नाही. बरे झाल्यावरही ते म्हणायचे, 'माझाच स्वभाव काळजीखोर, म्हणून झालं.' २०११ ला गेले. तोपर्यंत त्यांच्या ताटात आईने मिरची वाढली नाही, आणि त्यांनी मागितली नाही.