गाजराचा हलवा: घरी करताना काय जमले, काय चुकले?

भोगीची भाजी झाली, संक्रांतीची सुगडे भरून झाली, तरी आणलेल्या गाजरांपैकी दीड किलो उरली होती, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांतल्या एक किलोचा हलवा करायला घेतला. पाहुणे यायची वेळ जवळ आली होती, त्यामुळे किस, एक लिटर म्हशीचे दूध आणि पाव किलो साखर हे सगळे मी एकदमच कढईत घातले. दीड तास उलटून गेला तरी मिश्रण खिरीसारखे पातळच राहिले, आणि शेवटी आच वाढवली तेव्हा तळाला लागून सगळ्या हलव्याला करपट वास आला. गाजरात सुमारे 88 टक्के पाणी असते आणि दूधही बहुतांशी पाणीच असते. म्हणजे आटवण्यासाठी मी जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी चुलीवर ठेवले होते, आणि त्यातच ते धरून ठेवणारी साखर आधी घालून बसले होते. हे पाणी क्रमाक्रमाने घालवणे हेच हलव्याचे खरे काम आहे, असे आता वाटते. तो क्रम आपल्या घरी कसा सांभाळतात, गाजरे कोणती घेतात, दूध वापरतात की खवा, आणि हलवा बिघडला असेल तर नेमका कुठे बिघडला, हे सर्वांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

पुण्याहून

साखरेची घाई झाली, हेच खरे कारण असावे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी मला शेजारी उभे करून हलवा शिकवला, तेव्हापासून मी त्यांचाच क्रम पाळते. किस आधी दोन मोठे चमचे साजूक तुपात परतायचा आणि त्याचा कच्चा वास जाऊन कडेचे तूप तांबूस दिसू लागले, की मगच दूध घालायचे. लाल गाजरांचा रंग ज्या लायकोपिनमुळे येतो ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे आधी परतलेल्या हलव्याचा रंग वेगळाच खुलतो. दूध पूर्ण आटले की साखर घालायची. साखर पडताच किसातले उरलेले पाणी बाहेर ओढले जाते आणि घट्ट झालेला हलवा पुन्हा सैल होतो. नवशिक्या मुली इथे घाबरतात आणि आच वाढवतात. तसे करू नये. मध्यम आचेवर आणखी दहा-पंधरा मिनिटे परतत राहावे. कालथ्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली की दोन्ही बाजूंचा हलवा लगेच एकत्र येऊ नये, रेघ क्षणभर तशीच राहावी आणि तिच्या कडांना तूप चमकावे. ते दिसले की वेलची पूड घालून गॅस बंद करावा. जायफळ मी घालत नाही, कारण त्याने गाजराचा स्वतःचा वास झाकला जातो.

सांगली जिल्ह्यातून

आमच्याकडे गाजर शेतातच होत असल्यामुळे मी निवडीविषयी लिहितो. जाडजूड गाजर पाहून मोहात पडू नये. ते मधोमध उभे चिरले तर आतला पिवळसर कणा बोटाएवढा जाड निघतो, तो शिजायला वेळ घेतो आणि खाताना दाताखाली दोरीसारखा लागतो. मध्यम जाडीची, लांब, वाकवली तर कट्‌कन मोडणारी गाजरे घ्यावीत. उन्हाळा जवळ आला की कणा अधिकच निबर होतो, म्हणून हलवा थंडीतच करावा. किसण्याआधी गाजरे धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि किसणीची मोठी भोके वापरावीत, कारण बारीक किसाचा दुधात लगदा होतो.

दिल्लीहून

आम्ही मूळचे नागपूरचे, पण गेली अकरा वर्षे दिल्लीत राहतो. शेजारच्या पंजाबी काकू याला गजरेला म्हणतात आणि त्यांच्या घरी खवा आणला जात नाही. एक किलो गाजरांना त्या दोन लिटर दूध घेतात आणि मंद आचेवर अडीच-तीन तास आटवतात. कढईच्या कडेला जमणारी साय त्या दर काही मिनिटांनी खरवडून पुन्हा आत ढकलतात, आणि त्याच सायीचे लहान लहान दाणे शेवटी हलव्यात लागतात. मी दोन्ही पद्धतींनी करून पाहिले आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: विकतचा खवा घालून हलवा लवकर होतो, पण दुधाची ती खरपूस गोडी त्याला येत नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका मैत्रिणीकडे मी काळ्या गाजरांचा हलवाही खाल्ला आहे. लखनौकडे तो हिवाळ्यात आवर्जून करतात. किसताना हात जांभळे होतात आणि तयार हलवा जवळजवळ काळा दिसतो, पण चव लाल गाजरांपेक्षा अधिक गंभीर, किंचित मातकट असते आणि मला ती फार आवडली.

ठाण्याहून

नोकरीमुळे तीन तास चुलीपाशी उभे राहणे मला शक्य नाही. मी गाजराचे तुकडे अर्धी वाटी दुधात कुकरला दोन शिट्ट्या देऊन शिजवते, घोटून घेते, मग तुपात परतून साखर आणि शेवटी 200 ग्रॅम खवा घालते. किसाचा पोत मिळत नाही, हे मान्य करते. मात्र खव्याबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी. एकदा आणलेला खवा न हुंगता तसाच घातला आणि तो आंबूस निघाल्यामुळे सगळा हलवा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून खवा आधी चाखते आणि वेगळ्या पातेल्यात भाजून मगच मिसळते. खव्यात स्टार्चची भेसळ असल्याचा संशय आला तर थोडासा खवा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर तो खवा वापरू नये.

जर्मनीहून

इथे लाल गाजरे मला मिळत नाहीत, नारिंगी मिळतात. त्यांचा रंग बीटा-कॅरोटीनचा असल्याने हलवा केशरी होतो, आणि पहिल्या वर्षी तो पाहून मला घराची फार आठवण आली होती. खव्याऐवजी मी दुधाची पावडर, थोडे लोणी आणि दूध मंद आचेवर घोटून गोळा करून घेते. इथली गाजरे मला गोड लागली, म्हणून किलोला 150 ग्रॅम साखर पुरते. यंत्रात किसलेल्या गाजरांना फार पाणी सुटते, असा माझा अनुभव आहे. हाताने किसलेलीच बरी.

नाशिकहून

दोन वर्षांपूर्वी आई खुब्याचे हाड मोडून अंथरुणावर होती आणि तिला हलवा खावासा वाटला. मी त्याआधी कधीच केला नव्हता. स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून ती पलीकडच्या खोलीतून सूचना देत होती आणि मला आश्चर्य वाटले ते याचे, की तिला काहीही दिसत नसताना ती नेमकी वेळ सांगत होती. ती ऐकत होती. दूध भरपूर असते तेव्हा कढईतून खळखळ ऐकू येते. ते आटत आले की आवाज जड होतो आणि फदफद असे बुडबुडे फुटतात, तेव्हा कालथा थांबवायचा नाही, कारण तळाला लागण्याची वेळ हीच असते. सर्व पाणी गेले की तुपात किस परतला जात असल्याची बारीक चरचर सुरू होते. “आता साखर घाल,” असे ती पहिल्या चरचरीला म्हणाली, आणि साखर विरघळून पुन्हा फदफद झाली व पुन्हा चरचर सुरू झाली, तेव्हा “आता उतरव” म्हणाली. आई आता हिंडूफिरू लागली आहे, पण दर हिवाळ्यात हलवा मीच करतो आणि अजूनही कानानेच करतो.

पहिल्या टिपणाच्या लेखिकेकडून

उरलेल्या अर्ध्या किलो गाजरांचा हलवा काल पुन्हा केला. जाड कणे काढून टाकले, किस बारा मिनिटे तुपात परतला, मग अर्धा लिटर दूध घातले आणि ते आटायला पन्नास मिनिटे लागली. नाशिकच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे चरचर ऐकू येईपर्यंत साखरेचा डबा मी हातात घेतलाच नाही. साखरेनंतर हलवा सैल झाला तेव्हा पुण्याच्या ताईंचे वाक्य आठवून आच तशीच ठेवली, आणि सतरा मिनिटांनी तळाशी ओढलेली रेघ क्षणभर टिकली. काळ्या गाजरांचा हलवा आपल्यापैकी कुणी घरी केला असेल, तर त्यांना दूध आणि साखर किती लागते ते अवश्य लिहावे.