समोरची काच बदलल्यापासून लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या मधे ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय) गाडी डावीकडे ओढतं. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्याने जुळवणी, लागेल का?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी. कसारा घाटात पुढच्या खडीच्या डंपरमधून दगड उडाला आणि काचेवर ड्रायव्हरच्या बाजूला चांदणी पडली. गाडी उन्हात उभी राहिली तसा तडा वाढत आरशापर्यंत गेला, म्हणून शहरातल्या एका काचेच्या दुकानातून काच बदलून घेतली. काम स्वच्छ झालंय. पाणी गळत नाही, वाऱ्याची शिट्टी येत नाही.

गाडी 2023 ची पेट्रोल एसयूव्ही, 1497 सीसी. आरशामागे कॅमेरा आणि पुढच्या जाळीत रडार आहे. काच बदलल्यावर समृद्धीवर गेलो तेव्हा लेन असिस्ट चालू असताना गाडी डाव्या पट्टीला लगटून चालायला लागली. स्टिअरिंग हलकं डावीकडे ओढतं. असिस्ट बंद केलं की गाडी दोरीत सरळ जाते. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. दुकानदार म्हणतात, दिवा लागला नाही म्हणजे कॅमेरा ठीक आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कॅलिब्रेशन करावंच लागेल, त्याचं बिल वेगळं.

ही गाडी माझे वडील जास्त चालवतात. नाशिक-धुळे त्यांची नेहमीची फेरी आहे आणि वरचं व्हेरियंट घेतलं तेच मुळी त्यांच्यासाठी, पुढची गाडी अचानक थांबली तर ब्रेक लागावा म्हणून. त्यामुळे कुणाचं खरं धरायचं हे मला नीट कळायला हवं. इन्शुरन्समध्ये हे बसतं का, तेही सांगा.

घाटमाथा, सातारा

लेन असिस्ट बंद करा आणि निवांत चालवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर पट्ट्याच धड नसतात. खंबाटकीत मी ते कधीच चालू ठेवत नाही. पैसे वाचवून चांगले टायर घ्या, त्याने जास्त जीव वाचतील.

चिंचवडचा फिटर

गोदाकाठ भाऊ, मी आधी काचा बसवायचो, आता कॅलिब्रेशनचंच काम करतो. तुमच्या गाडीला ते लागणार. आणि ते होईपर्यंत वडिलांना सांगून ठेवा की गाडीतल्या मदतीवर विसंबायचं नाही.

आधी दिव्याचं बघू. कॅमेरा बंद पडला, वायर निघाली, काच धुरकटली किंवा समोर काही आडवं आलं तर दिवा लागतो. कॅमेरा चालू आहे, चित्र स्वच्छ येतंय, फक्त तो थोडा वाकडा बघतोय, हे त्याला स्वतःला कळेलच असं नाही. त्याच्या लेखी तो सरळच बघतोय. म्हणून दिवा नसणं हा पुरावा धरू नका. स्टिअरिंग डावीकडे ओढलं जातं आणि असिस्ट बंद केलं की थांबतं, हा मात्र धडधडीत पुरावा आहे.

आता काचेचा संबंध का येतो ते सांगतो. कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तो ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो. काच बदलली म्हणजे ब्रॅकेट बदलला. शिवाय काच बसते पॉलियुरेथेन गोंदाच्या थरावर. एका कोपऱ्यात थर मिलिमीटरभर जाड झाला तरी काचेचा कल बदलतो. डोळ्याला दिसणार नाही, पण कॅमेऱ्याचा हिशोब कोनात चालतो. कॅमेरा फक्त 1 अंश बाजूला वळला तर 50 मीटरवर साधारण 87 सेंटिमीटरचा फरक पडतो, 100 मीटरवर पावणेदोन मीटरचा. आपली लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन गेली! पतंगाची कन्नी बोटभर चुकली की वर पतंग कसा एकीकडेच कलंडतो, तसं आहे हे.

वर-खाली कल झाला तर मला जास्त काळजी वाटते, कारण तो गाडी चालवताना जाणवतच नाही. समोरच्या गाडीची चाकं रस्त्याला कुठे टेकलेली दिसतात यावरून कॅमेरा अंतराचा अंदाज बांधतो. कॅमेरा जमिनीपासून 1.3 मीटरवर धरा. 50 मीटरवरची गाडी त्याला क्षितिजाच्या दीड अंश खाली दिसते. यात अर्ध्या अंशाची चूक आली तर तीच गाडी 75 मीटरवर असल्यासारखी वाटेल, किंवा उलट बाजूला 37 मीटरवर. ताशी 100 किलोमीटरच्या वेगाला 25 मीटर म्हणजे सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि ब्रेक लावायचा निर्णय त्याच सेकंदात व्हायचा असतो. तुमच्या गाडीत रडार आहे, ते अंतर वेगळं मोजतं आणि काच बदलल्याने त्याला धक्का लागत नाही, त्यामुळे चूक इतकी सरळ अंगावर येणार नाही. काही कॅमेरे चालता चालता स्वतःला थोडं सावरूनही घेतात, पण ते बारीकसारीक फरकापुरतं. पादचारी किंवा दुचाकी ओळखायला मुख्य आधार कॅमेऱ्याचाच आहे. धुळे रस्त्याला गावागावांत माणसं हायवे ओलांडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घाटमाथा साहेब, टायरचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण लेन असिस्ट बंद केलं म्हणून आपोआप लागणारा ब्रेक बंद होत नाही, त्याचं बटण वेगळं असतं. तो मेनूतून बंद केला तरी बऱ्याच गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केलं की परत चालू होतो. चुकीचा बघणारा कॅमेरा आणि चालू ब्रेक ही जोडी मला कुणाच्याच गाडीत नको आहे. मागून ट्रक येत असताना विनाकारण ब्रेक लागला तर काय होईल, विचार करा.

आता काम कसं होतं ते. एक प्रकार स्टॅटिक. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, चाकांना क्लॅम्प लावून गाडीची मधली रेषा काढायची, लेझरने मोजून समोर ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या उंचीचा नक्षीचा बोर्ड लावायचा आणि स्कॅनरवरून कॅमेऱ्याला शिकवायचं की सरळ म्हणजे हे. त्याआधी टायरची हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी, आत कुणी बसलेलं नको. डिकीत चार पोती तांदूळ असतील तर गाडीचं नाक वर जातं आणि कॅमेरा तेच खरं धरून बसतो. माझा निम्मा वेळ या तयारीत जातो, बोर्डासमोरचं काम त्या मानाने पटकन होतं. दुसरा प्रकार डायनॅमिक. स्कॅनर जोडून ठरलेल्या वेगाने रस्त्यावर चालवायचं, दोन्ही पट्ट्या ठळक हव्यात. पावसाळ्यात हे काम फार रखडतं, कारण पट्ट्या धुतलेल्या आणि रस्त्यावर पाण्याची चमक. तुमच्या गाडीला कुठला प्रकार लागतो हे कंपनीच्या मॅन्युअलवर ठरतं, काहींना दोन्ही लागतात. गल्लीत, उतारावर, ताडपत्रीखाली "स्कॅनर लावून रीसेट करून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एरर कोड पुसणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे.

आणि भाऊ, काच कुठली बसवली तेही बघा. खालच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि आयएस 2553 लिहिलेलं असलं पाहिजे. ते असूनही ती काच कॅमेऱ्याच्या व्हेरियंटची आहे का हा वेगळा प्रश्न. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटच्या काचा वेगळ्या असतात. कॅमेऱ्यासमोरच्या भागात काच जरा जरी लहरी असली तर चित्र वाकतं आणि मग कितीही वेळा बोर्ड लावा, कॅलिब्रेशन पास होत नाही. बिलावरचा पार्ट नंबर सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या.

पंचगंगा (मोटर क्लेमचं काम करतो)

इन्शुरन्सचं मी सांगतो. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) कव्हर असेल तर काचेला डेप्रिसिएशन, म्हणजे जुनेपणाची घट, कापत नाहीत, त्यासाठी झिरो डेप (ही घट न कापणारं जादा कव्हर) घ्यावंच लागतं असं नाही. तुमची गाडी 1500 सीसीच्या आत आहे, तर सक्तीचे 1000 रुपये तुमच्या खिशातून जातील, वरच्या गाड्यांना 2000.

अडचण अशी की तुम्ही काच आधीच बाहेर बसवून मोकळे झालात. क्लेम करायचा तर कंपनीला आधी कळवायला हवं होतं, आता जुनी काच दाखवायला नाही. तरी पॉलिसीवरच्या नंबरला एकदा विचारा, फोटो असतील तर जपून ठेवा. बाकीच्यांसाठी सांगतो, काचेच्या एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची ओळ पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मंजुरी झाल्यावर मागाहून आलेल्या बिलावर वाद होतात, एकाच कागदावर असेल तर सहसा होत नाहीत. आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, बघा. ओन डॅमेजच्या प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळत असेल तर एका क्लेमने ती शून्यावर येते. काही पॉलिसींत फक्त काचेच्या क्लेमने ती जात नाही. वाचल्याशिवाय सही करू नका.

डोंबिवली फास्ट लेन

काच बदलली म्हणजे फास्टॅगही गेला ना? तो सोलून परत चिकटवता येत नाही, फाटतो. बँकेकडून बदली टॅग मागवा, टोलवर अडकाल. एचएसआरपीचा (सरकारी सुरक्षा नंबर प्लेटचा) तिसरा स्टिकरही काचेवरच असतो, तोही नवीन घ्यावा लागतो. नवा टॅग लावताना कॅमेऱ्यासमोरची जागा मोकळी ठेवा. आमच्या सोसायटीत एकाने टॅग नेमका कॅमेऱ्याच्या खिडकीवर लावला होता.

एडिसनकर (न्यू जर्सी)

इथे काच बदलायला फोन केला की आधी गाडीचा चॅसी नंबर विचारतात आणि त्यावरून कॅमेरा आहे की नाही ते बघूनच भाव सांगतात. बिलात कॅलिब्रेशनची ओळ वेगळी असते, बहुतेक गाड्यांना काही शे डॉलर. पुण्यात भावाच्या गाडीची काच बदलली तेव्हा दुकानात कुणी विचारलंसुद्धा नाही. दुकानदारांनी एवढा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी खूप होईल.

गोदाकाठ, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून लिहितोय.

फिटर दादा, तुम्ही म्हणालात तसा पार्ट नंबर दाखवला. काच बरोबर व्हेरियंटची निघाली, त्याबाबतीत दुकानदार प्रामाणिक होते. सर्व्हिस सेंटरला स्टॅटिक केलं. मी काचेच्या केबिनमधून बघत होतो. माणसाने आधी चारही चाकांची हवा मोजली, मग डिकीतून वडिलांची पाण्याची कॅन आणि जॅकशेजारचं सामान बाहेर काढायला लावलं. पहिल्यांदा कॅलिब्रेशन अडकलं, कारण संध्याकाळचं ऊन शटरमधून बोर्डावर पडत होतं. शटर ओढल्यावर झालं. रिपोर्टमध्ये कॅमेरा आडवा आणि उभा दोन्हीकडे सरकलेला दाखवला, आडवा जास्त. समृद्धीवर इगतपुरीकडे नेऊन आणली, आता लेनच्या मधोमध चालते.

क्लेम मिळाला नाही, आधी कळवलं नव्हतं म्हणून. खर्च मी केला आणि त्याचं मला काही वाटत नाही. वडिलांनी मात्र विचारलं, "चाकांची अलाइनमेंट केली की हे परत करायचं का?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

चिंचवडचा फिटर

वडिलांचा प्रश्न बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या चाकांचं नेहमीचं टो (चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) जुळवलं तर बहुतेक गाड्यांत कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. मागच्या चाकांचा कोन बदलला तर गाडी ज्या रेषेत ढकलली जाते ती रेषाच बदलते, तेव्हा मॅन्युअल बघून करून घ्या. सस्पेन्शन, स्प्रिंग बदलले किंवा वेगळ्या उंचीचे टायर घातले तरी तेच. बंपर काढून बसवला असेल तर रडार तपासा, त्याचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशन दोन्ही करायचं असेल तेव्हा अलाइनमेंट आधी.

रिपोर्टचा कागद गाडीतच ठेवा, आधीचा आणि नंतरचा स्कॅन दोन्ही. उद्या दुसरीकडे कुणी काच किंवा बंपर उघडला तर त्याला आधीचे आकडे दाखवता येतील. आणि कॅमेऱ्यासमोरची काच बाहेरून रोज पुसा. नाशिक-धुळे रस्त्याला संध्याकाळी किडे फार चिकटतात.