केएएसएलआर (कर्नलचा मेमरीतला पत्ता दर बूटला बदलणारी सुरक्षा-सोय) चालू असताना ब्रेकपॉइंट का लागत नाही?

प्रश्न: क्यूएमूमध्ये (आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल सुरू करून मी ‘स्टार्ट_कर्नल’ या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावतो, पण जीडीबी हा डीबगर तिथे थांबतच नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर १: आवृत्ती ४.१२ पासून एक्स८६वर केएएसएलआर डीफॉल्टनेच चालू असते. त्यामुळे प्रत्येक बूटला कर्नल वेगळ्या पत्त्यावर बसतो आणि जीडीबी मात्र व्हीएमलिनक्स या कंपाइल केलेल्या कर्नल-फाइलमधले मूळ पत्तेच धरून राहतो. बूटच्या ओळीत ‘नोकेएएसएलआर’ जोडा.

उत्तर २: केएएसएलआर फक्त चाचणीपुरतेच बंद करावे, ही कळकळीची विनंती. ६४-बिट एक्स८६वर १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्यांनी जागा निवडली जाते, म्हणजे शक्यता जेमतेम ५०० च्या आसपास. तेवढे संरक्षणही सर्व्हरवरून काढू नये. पॅनिकच्या (कर्नल कोसळल्यावरच्या संदेशाच्या) शेवटी ‘कर्नल ऑफसेट’, म्हणजे कर्नल मूळ जागेपासून किती सरकला ते, छापले जाते; ते तिथल्या पत्त्यातून वजा केला की मूळ फंक्शन सापडते.

प्रश्नकर्ता: पर्याय जोडताच पहिल्याच बूटला ब्रेकपॉइंट लागला. मनापासून आभार.