समुपदेशकाने आपल्याला इंटरनेटवर शोधणे योग्य आहे का?

प्रश्न (निनावी सदस्य):
गेले सात महिने मी चिंतेच्या त्रासासाठी एका समुपदेशक बाईंकडे जात आहे. मागच्या सत्रात त्या सहज म्हणाल्या, "गावी बहीण भेटली, बरे वाटले असेल." बहिणीशी असलेला दोन वर्षांचा अबोला किंवा ती भेट यांविषयी मी त्यांना अजून काहीच सांगितले नव्हते, फोटो बहिणीने फेसबुकवर टाकला होता. त्यानंतर मला मोकळेपणाने बोलताच आले नाही. असे शोधणे उपचाराचा भाग असते का? त्यांना विचारावे, की दुसरीकडे जावे?

प्रतिसाद 1 (मानसोपचार क्षेत्रातील सदस्य):
हा उपचाराचा नेहमीचा भाग नव्हे. रुग्णाला गूगलवर शोधण्याआधी हे उपचारासाठी आहे की कुतूहलापोटी, रुग्णाची संमती घ्यावी का, सापडलेले त्याला सांगावे का आणि नोंदीत लिहावे का, हे प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारावेत, असे 2010 मध्ये हार्वर्डच्या मनोविकार नियतकालिकात मांडले गेले. मला ती कसोटी आजही पुरेशी वाटते. रुग्णाने आत्महत्येचा निरोप ठेवला आणि तो फोन उचलत नसेल, तर नातेवाईक शोधणे वेगळे. त्यासाठीही पहिल्याच भेटीत जवळच्या व्यक्तीचा क्रमांक घेऊन ठेवणे उत्तम. मात्र त्यांनी मुद्दाम शोधलेच असेल असे धरू नका, कारण फोनमध्ये क्रमांक जतन असल्यास फेसबुक 'ओळखीची व्यक्ती' म्हणून तुमचे खाते आपणहून सुचवू शकते. तरीही तुम्ही न सांगितलेली गोष्ट सत्रात अशी आणणे चूकच आहे.

प्रतिसाद 2:
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते, पण त्याचा रोख उपचार करणाऱ्यांनी माहिती बाहेर देण्यावर आहे. उघड्यावर असलेली पोस्ट त्यांनी वाचण्याबद्दल ते काही सांगत नाही. म्हणून तक्रारीपेक्षा संवाद आधी करावा. हे त्यांनी नोंदीत लिहिले आहे का, तेही विचारा.

प्रतिसाद 3:
मी उलट केले होते: डॉक्टरांची नोंदणी तपासायला बसलो, जे प्रत्येकाने करावे, आणि त्यांच्या घरच्या दुःखाची बातमी वाचून बसलो. पुढची तीन सत्रे त्यांना त्रास नको म्हणून स्वतःचे दुःख लपवत राहिलो. शेवटी सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. आम्ही तासभर त्यावरच बोललो.

निनावी सदस्य:
शुक्रवारी सत्र आहे. फोटोपासूनच सुरुवात करेन.