मदत हवी आहे: बाळाला सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र) लावलाय, व्हेंटिलेटर का लावत नाहीत?

माणदेशी (रात्री ९:१०)
मुलगा आज दुपारी झाला. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय. नाकात दोन बारीक नळ्या घालून टोपीला बांधल्यात. पुढची नळी पाण्याच्या बाटलीत सोडलीय, तिच्यातून नुसते बुडबुडे येतायत. एवढा त्रास आहे तर व्हेंटिलेटर का नाही? डॉक्टर दोन मिनिटांत बोलून जातात. पुण्याला हलवू का? लवकर सांगा, एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) बसलोय.

कृष्णाकाठ (९:१६)
किती आठवड्यांचं बाळ? वजन? देतायत त्या हवेत ऑक्सिजन किती टक्के आहे? बाळाचं फुफ्फुस तयार व्हावं म्हणून बाळंतिणीला आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाईकर काका (९:१८)
वाट बघू नका, आत्ताच ॲम्ब्युलन्स करा. माझ्या पुतणीचं बाळ आम्ही रात्रीतून पुण्याला नेलं म्हणून वाचलं.

रात्रपाळी (९:२७)
काका, असं सरसकट सांगू नका. मी अकरा वर्षं एनआयसीयूत सिस्टर आहे. दादा, ते बुडबुडे म्हणजेच उपचार आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे आतले हवेचे फुगे उघडे ठेवणारा पदार्थ, पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यामुळे श्वास सोडला की हवेचे फुगे मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते उघडताना बाळ दमतं. सीपॅपचा दाब त्यांना पूर्ण मिटू देत नाही. नळीचं टोक पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल तर दाबही तेवढाच, म्हणून बाटलीवर आकडे असतात. व्हेंटिलेटरला श्वासनळीत नळी घालावी लागते आणि त्याने कोवळ्या फुफ्फुसाला इजा होऊ शकते. बाळ स्वतः श्वास घेतंय तोवर आधी हेच करतात. १९७१ साली ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, ती अजून जगभर चालते.

माणदेशी (९:३५)
सातवा संपून आठवा लागलाय. वजन १ किलो ३५०. एक इंजेक्शन झालं, पुढचं द्यायच्या आत पाणी गेलं आणि सिझर करावं लागलं. आमची आत्या म्हणते सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. खरं आहे का?

वाईकर काका (९:३८)
जुन्या लोकांचा अनुभव आहे तो, उगाच नाही म्हणत.

कृष्णाकाठ (९:४१)
काका, बाप बाहेर बाकावर बसलाय आणि तुम्ही हे लिहिताय? पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की फुफ्फुस तेवढं जास्त तयार होतं. आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा संधी जास्तच. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यातली, नऊ दिवस सीपॅपवर होती, आता तिसरीत आहे.

आईचंदूध (९:४४)
बाळाला आईचंच दूध मिळेल असं बघा. कमी पडलं तर मिल्क बँक असते, तिथे इतर आयांनी दिलेलं दूध मिळतं. मुंबईत सायन हॉस्पिटलने १९८९ मध्येच सुरू केली.

रात्रपाळी (९:४६)
ताई, ते बरोबर आहे, पण आधी श्वासाचं बघू. दादा, मशीनवर ऑक्सिजन किती?

माणदेशी (९:५८)
आत जाऊन बघून आलो. ४० लिहिलंय, बाटलीत ६. तोंड उघडलं की बुडबुडे थांबतात. नाकाचा मधला पडदा लाल झालाय. आणि एक, फुफ्फुसात औषध सोडायचंय म्हणून तासाभरापूर्वी सही मागितली. खर्च बराच आहे. पुण्याला न्यायचं असेल तर कशाला, म्हणून थांबलोय.

रात्रपाळी (१०:०१)
अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! ते औषध म्हणजे सर्फॅक्टंटच. सहाच्या दाबावरही ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर लागत असेल तर बहुतेक ठिकाणी ते द्यायचं ठरवतात, आणि लवकर दिलेलं चांगलं. आत्ता आत जा. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: औषध इथे आहे का आणि बारीक नळीने देऊन बाळाला सीपॅपवरच ठेवता येईल का. बुडबुडे थांबतात ते तोंडातून हवा गळते म्हणून. तेही सांगा आणि नाकाचा पडदाही दाखवा. तिथे पट्टी लावतात, नळ्या नीट बसवतात.

वाईकर काका (१०:०४)
खाजगीवाले महागडी औषधं गळ्यात मारतात, मी पाहिलंय.

कृष्णाकाठ (१०:०७)
असेल तुमचा अनुभव, पण ४० टक्के ऑक्सिजन लागतोय हे दिसतंय ना? आणि अशा बाळाला रस्त्यात थंडी लागली, नळी निसटली तर? हलवायचं की नाही ते दोन्हीकडचे डॉक्टर आपसात बोलून ठरवू देत. दादा, पैशांचं अडत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) सीपॅपची सोय आणि जागा आहे का ते फोनवर विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत मोफत उपचार आहेत. पण आत्ताचा डोस त्यासाठी थांबवू नका.

चष्मेवाली (१०:१५)
महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. माझ्या भाच्याचा राहून गेला होता.

माणदेशी (११:४०)
सही केली. औषध देऊन झालं. नळी काढली, परत सीपॅपवरच आहे. ऑक्सिजन ४० वरून २८ वर आलाय. छातीचा खड्डा थोडा कमी वाटतोय. सिस्टरनी हनुवटीखाली मऊ पट्टी लावली, आता बुडबुडे सारखे येतायत. पुण्याचं उद्या बघू. सकाळी हिचं चिकाचं दूध आणून द्या म्हणाल्या, पण ती खालच्या मजल्यावर झोपून आहे, अजून काहीच येत नाही म्हणते. काय करू?

आईचंदूध (११:४४)
हाताने पिळायला सांगा, तिथल्या सिस्टर दाखवतील. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा थेंब-दोन थेंबच येतात. ते सिरिंजमध्ये धरा, तेवढेही वर नेऊन द्या.